शिष्यवृत्त्या आहेत; पण पहिली पेशगी कोण देणार?

कापडाच्या धंद्यात पन्हा म्हणजे काय हे दुकानातल्या पोरालाही कळते. याच एका शब्दावर आम्ही २०११ साली चांगलाच मार खाल्ला. चीनमध्ये शाओशिंग शहरालगत केछियाओ नावाची कापडाची प्रचंड बाजारपेठ आहे. तेथून आम्ही छापील कापडाचा एक कंटेनर मागवला. सौदा ५८ इंच पन्ह्याचा ठरला. माल गोदामात उतरला, कारागिराने कापायला घेतला, तेव्हा कामास येईल असा पन्हा ५६ इंचच भरला. दोन्ही किनारींना स्टेंटरच्या पिनांची भोके! तक्रार केली तर समोरच्या पेढीने करारनाम्याची चिनी प्रत पुढे केली. तीत '५८ इंच, किनारीसह' असे स्वच्छ लिहिले होते. आमच्या इंग्रजी प्रतीत नुसतेच ५८ इंच. वाद झाल्यास चिनी प्रत ग्राह्य धरावी, हे कलमही आमच्याच सहीच्या वर होते.

बरे, दुभाषी कोणाचा? त्याच पेढीने दिलेला. त्याने आम्हाला फसवले असे आम्ही म्हणत नाही. ज्याचा पगार खात होता त्याच्या सोयीचे तो बोलला, इतकेच. आमच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता, हा दोष त्याचा नव्हे, आमचा.

आज भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत कोणत्याही कारखान्यात उभे राहा. नवे माग चीनचे नाहीतर जपानचे. टोयोटाचे नाव आज मोटारींमुळे जगाला ठाऊक आहे. पण त्या घराण्याचा मूळ धंदा मागांचा, आणि स्वयंचलित माग बनवणारी त्यांची कंपनी १९२६ सालची. कोरियाचे देगू शहर तर कापडासाठीच नावारूपाला आले. आमचा पैसा या तीन देशांत वर्षानुवर्षे जात आहे. पण त्यांची भाषा जाणणारी किती मुले आमच्या मोहल्ल्यात आहेत?

एक मुलगी होती

आमच्या ओळखीच्या एका जॉबरची मुलगी. दहावी उर्दू माध्यमातून, नंतर हिंमत करून जपानी शिकू लागली. जपानी भाषेच्या परीक्षेला पाच पायऱ्या असतात; एन-५ सर्वांत खालची, एन-१ सर्वांत वरची. ही मुलगी एन-४ पर्यंत पोहोचली. पुढे पुण्याला जाऊन जपानी विषयातच पदवी करावी असा तिचा बेत होता. फी, वसतिगृह आणि पुस्तके यांचा हिशेब कागदावर मांडून ती आमच्या पेढीवर आली. "चाचा, उधार द्या, नोकरी लागली की फेडीन," म्हणाली. आम्ही तिला चहा पाजला आणि सल्ला दिला, "बेटी, बी.कॉम. कर, लवकर कामाला लागशील." तिने सल्ला मानला. आज ती एका दुकानात बिले फाडते. त्यानंतर आम्हाला कळले की तिने ज्या पदवीसाठी पैसे मागितले होते, तिला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठीच जपान सरकारची एक स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. आम्ही सल्ला दिला, माहिती दिली नाही. कारण माहिती आमच्याजवळच नव्हती. दुसऱ्या कोणाकडून असे होऊ नये म्हणून हा लेख.

पैसा कोठे आहे?

प्रथम जपान. तेथील शिक्षण मंत्रालयाची, 'मेक्स्ट' या नावाने ओळखली जाणारी शिष्यवृत्ती १९५४ पासून चालू आहे. तिच्यात अनेक प्रकार आहेत. पदवीधरांसाठी संशोधन-विद्यार्थी हा प्रकार आहे; वय ३५ च्या आत हवे. शिक्षणशुल्क माफ, जाण्या-येण्याचे विमानभाडे आणि दरमहा सुमारे १ लाख ४३ ते ४५ हजार येन, असा अलीकडच्या वर्षांतला दर आहे. दुसरा प्रकार जपानी भाषा व संस्कृती शिकणाऱ्यांचा. आपल्याच देशातल्या विद्यापीठात जपानी विषयाची पदवी करीत असलेला विद्यार्थी सुमारे एक वर्ष तिकडे शिकून परत येतो. दरमहा सुमारे १ लाख १७ हजार येन मिळतात. अट ध्यानात घ्या: पदवीला प्रवेश आधी हवा. नुसत्या खासगी वर्गाच्या दाखल्यावर हे दार उघडत नाही.

दुसरा देश कोरिया. 'ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप' ही तेथील सरकारची शिष्यवृत्ती. पदवीसाठी वय २५ च्या आत, पदव्युत्तरसाठी ४० च्या आत आणि साधारण ८० टक्के गुण लागतात. कोरियन आधी येत नसली तरी चालते. पहिले एक वर्ष सरकार भाषाच शिकवते. मात्र त्यानंतर 'टोपिक' परीक्षेची तिसरी पायरी चढल्याशिवाय पदवीला बसता येत नाही. जो पाचवी पायरी आधीच चढून जातो, त्याला भाषेचे वर्ष करावे लागत नाही.

तिसरा चीन. चिनी सरकारच्या शिष्यवृत्तीत शुल्क, राहणे, विमा आणि दरमहा निर्वाहभत्ता मिळतो. पदवीला २,५००, पदव्युत्तरला ३,००० आणि पीएच.डी.ला ३,५०० युआन असा तिचा ठरलेला दर. चिनी माध्यमातून शिकायचे तर 'एचएसके' परीक्षेचा दाखला लागतो किंवा आधी भाषेचे वर्ष करावे लागते. दोन्ही देशांतले संबंध बिघडले की ही वाट अडते, हे आम्ही २०२० नंतर पाहिले. त्या वर्षी बंद पडलेली थेट विमाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. ज्यांना चिनीच शिकायची आहे त्यांनी तैवानच्या 'हुआयू' शिष्यवृत्तीकडेही पाहावे. ती केवळ भाषा शिकण्यासाठी, काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंत मिळते. फक्त तेथे जुनी, पूर्ण अक्षरे शिकवतात. केछियाओच्या करारनाम्यात सोपी केलेली अक्षरे असतात.

आता आपल्या देशातले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चिनी, जपानी आणि कोरियन या तिन्ही भाषांची पदवी आहे आणि फी खासगी वर्गांच्या मानाने फारच कमी आहे. शांतिनिकेतनचे चीना भवन १९३७ पासून चिनी शिकवीत आहे. पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकता येते. एम.ए. नंतर यूजीसीच्या नेट परीक्षेत चिनी आणि जपानी हे विषय आहेत. तीत कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. काही दारे बंदही झाली आहेत. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना सूट देणारी 'पढो परदेस' योजना आणि मौलाना आझाद फेलोशिप या दोन्ही २०२२-२३ पासून केंद्र सरकारने थांबवल्या. जुन्या पत्रकांवर विसंबून कोणी राहू नये.

मध्यस्थांपासून सावध

वकिलातीमार्फत होणाऱ्या या अर्जांना फी नाही. जपान, चीन आणि कोरिया या तिन्ही देशांच्या वकिलाती मुंबईतच आहेत. चौकशीला लोकलच्या तिकिटापलीकडे काही लागत नाही. तरीही शिष्यवृत्ती 'मिळवून देतो' म्हणून पैसे घेणारे भेटतात. दुसरे काही जण सांगतात, "शिकता शिकता कमवा, सगळा खर्च निघेल." जपानमध्ये विद्यार्थ्याला परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येते. तेवढ्यात फी, घरभाडे आणि इकडचे कर्ज हे सर्व भागेल असे जो सांगतो, त्याच्याकडून आम्ही सुताची एक गाठही घेणार नाही.

खड्डा अलीकडे आहे

एवढे वाचून कोणी म्हणेल, पैसा तर भरपूर आहे, अडचण कोठे आहे? अडचण सुरुवातीला आहे. या शिष्यवृत्त्यांतील बहुतेक पदवीच्या मधल्या किंवा शेवटच्या टप्प्यावर भेटतात. तेथवर पोहोचायला दोन-तीन वर्षे लागतात. त्या काळातली वर्गाची फी, दर वर्षीची परीक्षा, पुणे-दिल्लीचे राहणे आणि अर्जाच्या वेळी कागदपत्रांचा इंग्रजी तरजुमा नि ॲपोस्टिल, हे सर्व घरातून करावे लागते. सरकारी फी कमी असली तरी दिल्लीत जेवण फुकट नाही. श्रीमंताचा मुलगा हा खड्डा उडी मारून ओलांडतो. जॉबरची मुलगी त्यात अडकते. बँकेचे कर्ज आहे, पण आमच्यातली अनेक घरे व्याजाच्या नावाने मागे सरतात आणि जामीनदार तर कोणालाच लवकर मिळत नाही.

इल्मासाठी चीनपर्यंत जावे, असे वचन आमच्या जलशांतून आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्याच्या सनदीविषयी आलिमांत मतभेद आहेत, तो भाग वेगळा. पण चीनचे भाडे कोणी द्यावे, हे त्या जलशांत कोणी सांगितल्याचे आम्हाला आठवत नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. माग चालू होण्याआधी आम्ही विणकराला पेशगी देतो. कापड अजून विणलेले नसते, तरी देतो. कारण त्याशिवाय ते विणलेच जाणार नाही. भाषेचेही तेच आहे. दहा पेढ्यांनी एकत्र यावे. दरवर्षी दोन मुले किंवा मुली निवडाव्यात, सिफारशीने नव्हे, परीक्षेच्या दाखल्याने. त्यांना पदवीपर्यंत बिनव्याजी कर्जे हसना द्यावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. एक पायरी चढली की पुढचा हप्ता. ज्याला पुढे सरकारी शिष्यवृत्ती मिळेल त्याने कमाई सुरू झाल्यावर सोयीने फेडावे, म्हणजे तोच पैसा पुढच्या मुलाला जाईल. सुटीत आमच्या बाजारभेटीला दुभाषी म्हणून त्याने यावे, पण मजुरी घेऊन. त्याला आपल्या पेढीशी बांधून घेऊ नये. ती मदत नव्हे, वेठ होईल.

दोन आक्षेप आम्हाला नेहमी ऐकवले जातात. पहिला: मुले शिकून टोकियोत राहिली तर आपल्याला काय? आमचे उत्तर, तेथे फोन उचलणारे आपल्या गल्लीतले कोणी असेल, हा काय थोडा नफा आहे? दुसरा आक्षेप नवा आहे: आता मोबाइलच तरजुमा करतो, माणूस कशाला? मोबाइल तरजुमा करतो हे खरे. आम्हीही वापरतो. पण '५८ इंच म्हणजे किनारीसह की किनारीशिवाय?' हा प्रश्न मोबाइल आपणहून विचारत नाही. तो प्रश्न आपले माणूस विचारते.

त्या कंटेनरचा तोटा आमच्या वहीत आजही लिहिलेला आहे. त्या रकमेत त्या मुलीची पुण्याची तीन वर्षे आरामात निघाली असती. तेव्हा ती रक्कम आम्ही चीनला दिली आणि मुलीला चहा दिला. यंदाच्या वर्षी पहिल्या हप्त्याचे पैसे आमच्या पेढीने बाजूला काढले आहेत. उरलेल्या नऊ पेढ्यांची आम्ही वाट पाहत आहोत.