उडणाऱ्या खारीचे पोरके पिल्लू

सह्याद्रीच्या रानातील एखादा जुना, ढोलीचा वृक्ष वाळका समजून तोडला गेला, म्हणजे त्याच्या उदरात दिवसभर निद्रिस्त असणाऱ्या उडणाऱ्या खारीचे पिल्लू कधीकधी जमिनीवर येते, आणि ज्या दयाळू इसमाच्या हाती ते लागते तो प्रथम गाईच्या दुधाची वाटी घेऊन बसतो. ही दया खरी असली तरी बहुधा घातक ठरते. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही; पाठीवर निजवून पाजलेले दूध फुप्फुसांत उतरते; आणि गाईच्या दुधाने हगवण लागून तो इवलासा जीव पाहता पाहता सुकून जातो. त्याला सुती फडक्यात गुंडाळून, अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात ऊब द्यावी, आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत पसरलेली ती नाजूक, केसाळ त्वचा, जिच्या आधारे ते मोठेपणी झाडावरून झाडावर तरंगत जाणार आहे, ती पिंजऱ्याच्या तारेत फाटू नये म्हणून जपावे.

त्यापुढील संगोपन मात्र घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ताब्यात आलेल्या अशा प्राण्याची वर्दी ४८ तासांच्या आत वनखात्यास किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यास देणे बंधनकारक आहे; आणि ही तरतूद पिल्लाच्याच हिताची आहे, कारण माणसाच्या कुशीत वाढलेले, त्याला न भिणारे पिल्लू रानाला कायमचे पारखे होण्याचा संभव असतो. महाराष्ट्राच्या वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. वाचकांनी तो टिपून ठेवावा.