मुक्कामाचा खर्च

तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशन द्यायचं ठरलं की साधारण सहा ते सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, रोज रुग्णालय गाठावं लागतं. यंत्राखालचा वेळ काही मिनिटांचा. बाकीचा दिवस आणि सगळी रात्र रुग्णाने कुठे काढायची, हे कुठल्याच केसपेपरवर लिहिलेलं नसतं. बीड, नांदेड, यवतमाळहून किंवा थेट बिहार-झारखंडहून मुंबईत आलेल्या माणसाला ‘शेक’ घेऊन घरी जायचं आणि उद्या परत यायचं, हे शक्यच नसतं. त्याला भरती करून घ्यायचीही गरज नसते, कारण वैद्यकीय हिशेबात तो ओपीडीचा रुग्ण. म्हणजे रुग्णालयात खाट नाही, शहरात घर नाही आणि काढायचा आहे दीड महिना. सोबत बायको किंवा भाऊ, म्हणजे दुसऱ्याचीही मजुरी बुडालेली.

कॅन्सरसाठी पैसा उभा करणाऱ्यांनी आधी या दीड महिन्याकडे बघावं, असं माझं ठाम मत आहे.

परळला टाटा, केईएम आणि वाडिया ही रुग्णालयं एकमेकांना लागून आहेत. त्यांच्या भोवतालच्या पदपथांवर ताडपत्रीच्या आडोशाने राहणारी कुटुंबं मुंबईकरांनी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल, तोंडावर मास्क, उशाला गावाहून आणलेली बॅग. किमोनंतर पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा साधा तापही जिवावर बेतू शकतो. अशा माणसाला डॉक्टर सांगतात, पाणी उकळून प्या, ताजं अन्न खा, गर्दीत जाऊ नका. पदपथावर राहणाऱ्याने यातलं नेमकं काय पाळायचं? त्याच्यासाठी दार लागणारी खोली, स्वच्छ संडास आणि पेटणारी शेगडी ही औषधाच्या बरोबरीची गरज आहे. ती सोय झाली नाही तर लाखाची औषधं वाया जाऊ शकतात.

हे महाराष्ट्रात एका माणसाला फार पूर्वी कळलं होतं. गाडगेबाबांनी कीर्तनातून लोकांपुढे हात पसरला आणि त्या पैशातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. देवाला आलेल्यांची सोय करून ते थांबले नाहीत. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही त्यांनी धर्मशाळा उभी केली. बाबा 1956 मध्ये गेले. दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत आज टाटात उपचार घेणारे रुग्ण आणि त्यांचे सोबती नाममात्र पैशात राहतात. परळला नाना पालकर स्मृती समिती हेच काम अनेक दशकं करते आहे. टाटाच्या परिसरात रुग्णांना जेवण देणारे ट्रस्ट आहेत. यातलं बहुतेक सगळं देणगीवर चालतं.

खुद्द टाटा रुग्णालयही दानातूनच उभं राहिलं. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या ट्रस्टच्या पैशातून 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळचं रुग्णालय सुरू झालं. सरकारने ते हाती घेतलं नंतर, 1957 मध्ये, आणि 1962 पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. म्हणून ‘हे काम सरकारचं, आपण कशाला पैसे द्यायचे’ असं कुणी म्हटलं की मला हा क्रम आठवतो. उपचार हे सरकारचं काम आहेच आणि त्यातून सरकारला सूट देऊ नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण आता पाच लाखांपर्यंत आहे, ही मोठी गोष्ट आहे. रेल्वे कॅन्सर रुग्णाला स्लीपरच्या तिकिटात पूर्ण सवलत देते. पण योजनेचं पॅकेज उपचाराचं असतं. दीड महिन्याचं खोलीभाडं, रोजचा डबा, टॅक्सी आणि गावी ठेवलेल्या दोन मुलांचा खर्च त्यात बसत नाही. पैसा कमी पडला की कुटुंब याच बाजूने खचतं, आणि ‘पेरणी करून येतो’ म्हणून गेलेला रुग्ण पुढच्या तारखेला येत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत हे सर्वांत स्पष्ट दिसतं. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कॅन्सर आता बऱ्याच अंशी बरा होतो, पण त्याचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि सुरुवातीचे काही महिने तर रुग्णालयाजवळच राहावं लागतं. टाटाच्या बालरोग विभागात एकेकाळी दर पाच मुलांमागे जवळपास एकाचे उपचार मध्येच थांबत किंवा सुरूच होत नसत. आजार हाताबाहेर गेला म्हणून नव्हे, घरच्यांना पुढे रेटणं अशक्य झालं म्हणून. विभागाने इम्पॅक्ट फाउंडेशनमार्फत देणग्या गोळा केल्या आणि औषधांबरोबर राहणं, खाणं, समुपदेशन यांची सोय लावली. तारीख चुकवणाऱ्या मुलाच्या घरी फोन जाऊ लागला. काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आलं. औषधं तीच होती. बदललं ते औषधाभोवतीचं सगळं.

2006 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सचं काम याच धाग्याचं. बाहेरगावच्या कुटुंबाला स्वतंत्र खोली मिळते, तीही मोफत. स्वयंपाकघर सामायिक, पण प्रत्येक आईला तिची शेगडी आणि तिचं कपाट. मला ही शेगडी फार महत्त्वाची वाटते. किमोने मुलाच्या तोंडाची चव गेलेली असते, तोंड आलेलं असतं, आणि ते मऊ वरणभातच मागतं, तोही आईच्या हातचा. आयता डबा देणं संस्थेला सोपं पडलं असतं. पण महिनोन्महिने डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर सांगतील तसं वागणाऱ्या त्या बाईच्या हातात दिवसातली एक तरी गोष्ट राहते. शेजारच्या शेगडीवर दुसरी आई असते, तिचं मूल दोन महिने पुढच्या टप्प्यावर असतं. ‘केस गळाले की घाबरू नका ताई, परत येतात’ हे ती सांगते तेव्हा पटतं.

आणखी एक वस्तू सांगतो. स्तन काढावा लागलेल्या बाईला ब्लाउजमध्ये भरण्यासाठी सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, पण तो महाग, जड आणि उन्हाळ्यात घामाने नकोसा होणारा. त्याऐवजी सुती धाग्याने क्रोशावर विणलेला, आत हलका कृत्रिम कापूस भरलेला स्तन आता देशातल्या अनेक शहरांतल्या स्वयंसेविका घरी बसून तयार करतात आणि रुग्णांना मोफत पोचवतात. तो धुता येतो, वाळवता येतो, आणि भरण कमी-जास्त करून मापात बसवता येतो. खर्च म्हणाल तर धागा, कापूस आणि टपाल. शस्त्रक्रियेनंतर कित्येक बायका पदर घट्ट लपेटून घरात बसतात, लग्नकार्याला जायचं टाळतात. त्यांना पुन्हा बाजारात, शेतावर, कामावर नेणारी ही वस्तू तळहातावर मावते. तिच्यासाठी निधी मागायला गेलं की समोरचा संकोचतो, विषय बदलतो. हा संकोच आता सोडला पाहिजे.

जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर नाकातून नळी घातलेल्या रुग्णाचंही तसंच. त्याचं सगळं जेवण पातळ करून नळीवाटे द्यायचं असतं, दिवसातून अनेकदा. दूध, अंडं, शेंगदाणे, डाळ, सगळं बारीक वाटून, गाळून. धर्मशाळेत दोन चांगले मिक्सर असणं आणि ते बिघडल्यावर त्याच दिवशी दुरुस्त होणं, यावर काही माणसांचं वजन टिकतं. वजन टिकलं तर रेडिएशन सोसतं. आपल्याकडे मात्र वाढदिवस म्हटला की फळवाटप. सफरचंद आणि मोसंबी घेऊन कार्यकर्ते वॉर्डात येतात, फोटो निघतात. ज्याचा जबडा नीट उघडत नाही त्याला सफरचंद चावता येत नाही, आणि ज्याच्या पेशी उतरल्यात त्याला न सोललेलं फळ बहुधा डॉक्टरांनीच बंद केलेलं असतं. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, मला त्यावर शंका नाही. पण आजारी माणसाला काय हवंय हे त्याला किंवा वॉर्डातल्या सिस्टरला विचारायला पाच मिनिटं लागतात, ती द्यायलाच हवीत.

सर्वांत कठीण असतं ते बऱ्या न होणाऱ्या रुग्णासाठी पैसे मागणं. बरं झालेल्या मुलाचा हसरा फोटो देणगीदाराला दाखवता येतो, शेवटच्या टप्प्यातल्या माणसाचं असं काही दाखवता येत नाही. तरीही मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये शांती अवेदना सदन सुरू झालं. अखेरच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठी देशातलं हे पहिलं सदन, पुढे गोव्यात लोटलीलाही त्याची शाखा निघाली. तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, तिथेही सेवा मोफत, आणि घरचं माणूस सोबत राहू शकतं. वेदना आटोक्यात ठेवणारी मॉर्फिनची गोळी काही महाग नाही. अंमली पदार्थांच्या कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती होऊन ती मिळण्याची वाटही थोडी सोपी झाली. तुटवडा आहे तो डोस ठरवू शकणाऱ्या डॉक्टरांचा, घरी जाऊन जखम बांधणाऱ्या नर्सचा, आणि ‘आता पुढे काय होईल’ हे कुटुंबाला नीट बसवून सांगणाऱ्या माणसाचा. म्हणजे पुन्हा पगारांचा प्रश्न.

आणि पगार म्हटलं की देणगीदार बिचकतो. ‘आमचे पैसे थेट रुग्णाला जाऊ देत, ऑफिसच्या खर्चाला नकोत,’ हे वाक्य प्रत्येक संस्थेने ऐकलेलं असतं. फसवणुकीच्या बातम्या वाचल्यावर ही भीती समजू शकते. हिशेब मागावा, लेखापरीक्षण मागावं, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी तपासावी. पण सोशल वर्करचा पगार हा ऑफिसचा खर्च नव्हे. एस्टिमेट घेऊन कुठल्या ट्रस्टकडे जायचं, कुठला फॉर्म कुठे भरायचा, रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर काय करायचं, हे ती सांगते. वर सांगितलेल्या बालरोग विभागात मुलं परत आली ती कुणीतरी फोन केला म्हणून. तो फोन करणाऱ्याला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळाला नाही, तर ते मूल गावीच राहील.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या पैशाबद्दलही हेच म्हणेन. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर खर्च करायला लावले. त्यातून यंत्रं आली, रुग्णवाहिका आल्या, इमारती झाल्या, फीत कापता आली. ते हवंच होतं. पण यंत्राला पुढची दहा वर्षं तंत्रज्ञ लागतो आणि धर्मशाळेला पुढची तीस वर्षं झाडूवाला, आचारी, वॉचमन आणि लिफ्टवाला लागतो. इंटरनेटवरून एकेका रुग्णासाठी पैसे गोळा करण्याची जी पद्धत रुळली आहे, तिनेही अनेक जीव वाचवले. मात्र तिथे ज्याची गोष्ट चांगली सांगता येते, ज्याच्या घरात स्मार्टफोन हाताळणारा तरुण आहे, त्याचीच झोळी आधी भरते. पन्नाशीच्या, तंबाखू खाणाऱ्या, अबोल शेतमजुरासाठी कोण व्हिडिओ करणार? अशा माणसाला संस्थाच लागते, आणि संस्थेला अटी न घालता, दरमहा, वर्षभर येणारा पैसा लागतो.

जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनमध्ये धावून संस्थांसाठी निधी जमवणाऱ्यांना माझी विनंती आहे, मित्रांकडे पैसे मागताना मुक्कामासाठीही मागा. आईच्या तिथीला अन्नदान करणाऱ्यांनी धर्मशाळेच्या कार्यालयात आधी फोन करून कोणती तारीख रिकामी आहे ते विचारावं आणि ती घ्यावी. ज्यांना जमेल त्यांनी बँकेत दरमहा पाचशे रुपयांची कायमची सूचना देऊन ठेवावी. 80जी ची पावती मिळते, ती जरूर घ्या. फक्त ‘देणगी कशासाठी’ या रकान्यात ‘संस्थेला जिथे गरज असेल तिथे’ एवढंच लिहा.