मालिकेच्या शीर्षकगीतालाही जात असते

मराठी मालिकांचा सर्वांत मोठा संगीतकार कोण, यावर अधूनमधून याद्या निघतात. पहिलं नाव अशोक पत्की, दुसरं नीलेश मोहरीर, मग ज्याच्या त्याच्या आवडीची आणखी तीन-चार. आदर्श आणि उत्कर्ष शिंदे ही नावं त्यात क्वचित दिसतात. दिसलीच तर शेवटी, 'भीमगीतं' नावाच्या वेगळ्या कप्प्यात. गावकुसाबाहेर वेगळी वस्ती असते ना, तसा हा कप्पा. आमचं म्हणणं एवढंच, की तुलना करायची असेल तर सगळ्यांना एकाच पंगतीत बसवा आणि मग करा.

पत्कींचं मोठेपण आम्ही नाकारत नाही. 'गोट्या'पासून त्यांच्या चाली आमच्या कानात आहेत. १९९९ साली अल्फा मराठीवर 'आभाळमाया' आली. मंगेश कुलकर्णींचे शब्द, देवकी पंडितांचा आवाज आणि पत्कींची चाल. माजिवड्यातल्या आमच्या वस्तीत भिंतीला भिंत लागून घरं होती, एका घरात टीव्ही लागला की चार घरांना ऐकू जायचा. ती चाल सुरू झाली की कुकरची शिट्टीसुद्धा नकोशी वाटायची. पुढे 'वादळवाट'. पत्कींनी जाहिरातींच्या जिंगल्स भरपूर केल्या होत्या, त्यामुळे मिनिटभरात माणसाला पकडायचं कसं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. दुसऱ्याच ओळीत चाल अशी वळते की रोज ऐकूनही कंटाळा येत नाही. हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

पण त्या चालीत आम्ही कुठे होतो? ती भावगीताची परंपरा आहे. एकटा आवाज, मागे बासरी-सतार, मनातलं हळुवार दुःख. त्या गाण्यातलं घर दिवाणखाना असलेलं घर आहे, आणि त्या घरात जातीचा उच्चार होत नाही, कारण तशी गरजच पडत नाही. ज्याला रोज आपली जात सांगावी लागत नाही त्याचं संगीत 'सर्वांचं' ठरतं, आणि ज्याला सांगावी लागते त्याचं संगीत 'समाजाचं'. पत्की किंवा मोहरीर यांच्यावर हा आरोप नाही. वाहिन्यांनी कोणता सूर 'कौटुंबिक' मानला, त्याबद्दल आम्ही बोलतोय.

दोन मालिका शेजारी ठेवून बघा. २०१२ साली झी मराठीवर 'उंच माझा झोका' आली, रमाबाई रानड्यांच्या आयुष्यावर. संगीत नीलेश मोहरीर यांचं. २०१९ साली स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' आली, संगीत आदर्श-उत्कर्ष शिंदे यांचं. दोन्ही चरित्रं, दोन्हींचा विषय समाजसुधारणा, दोन्हींत शिक्षणासाठीची झुंज. मोहरीरांची चाल वाड्यातल्या मुलीची आहे. गोड, माजघरात वाढलेली, झोक्याबरोबर वरखाली होणारी. कथेला ती शोभते, कारण तिथली लढाई घराच्या आतली आहे, सासूबाई आणि आत्याबाईंशी. शिंदे बंधूंची चाल घरात मावतच नाही. एकट्याने गुणगुणण्यापेक्षा शंभर जणांनी मिळून उचलावी अशी तिची बांधणी आहे. स्वर सोपे, ओळी घोषणेसारख्या उंच जाणाऱ्या, आणि पुन्हा पुन्हा येणारं ध्रुपद. ज्याने कधी हार्मोनियमला हात लावला नाही तोसुद्धा दुसऱ्या वेळी ती बरोबर म्हणतो. काहींना हा दोष वाटतो. आमच्या मते जलशाची परंपरा हीच आहे. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांनी चाली बांधल्या त्या मैदानात शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसासाठी.

ही मालिका २०२० मध्ये संपली. शीर्षकगीत संपलं नाही. दर १४ एप्रिलला ते मिरवणुकीत वाजतं, माजिवडा नाक्यावर मेट्रोच्या खांबांखालून जाणाऱ्या ट्रकवर वाजतं. वाहिनीने मालिका बंद केल्यावर लोकांनी आपल्या खर्चाने चालू ठेवलेलं दुसरं मराठी शीर्षकगीत आम्हाला तरी आठवत नाही.

संगीताला विचार नसतो असं म्हणणाऱ्यांनी दूरदर्शनचे दिवस आठवावेत. १९८७ साली रामानंद सागरांच्या 'रामायण'ला रवींद्र जैन यांचं संगीत होतं, आणि रविवारी सकाळी टीव्हीपुढे उदबत्ती लागायची. ते काम निम्मं कथेने केलं, निम्मं रवींद्र जैन यांच्या गळ्याने. त्याहून बोलकं उदाहरण 'भारत एक खोज'चं. श्याम बेनेगल पुरोगामी, पुस्तक नेहरूंचं, संगीतकार वनराज भाटिया पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकून आलेले. पण त्यांच्या शीर्षकसंगीताची सुरुवात कशाने? ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताने. संगीत म्हणून ते थोर आहे, अंगावर काटा येतो. तरीही विचारलं पाहिजे की भारताचा शोध वेदापासूनच का सुरू व्हावा? पाली गाथेपासून का नाही? पुरोगाम्यांनीही हा प्रश्न स्वतःला विचारला नाही, यावरून कळतं की सूर निवडतानाची सवय किती खोल मुरलेली असते.

आता आपल्या माणसांबद्दलही बोलू. माजिवड्याहून भिवंडी बायपासने कल्याण गाठावं तर फार लांब नाही, आणि कल्याण म्हणजे प्रल्हाद शिंदे यांचं गाव झालेलं. त्यांच्या गळ्यात भीमगीत होतं आणि विठ्ठलही होता. आनंद आणि मिलिंद शिंदे यांच्यामार्गे तोच गळा आदर्शपर्यंत आला. म्हणून मालिकेच्या शीर्षकगीतात भक्तिगीताचा भाव डोकावतो, हे आम्हाला खटकतं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. त्यांच्याच चरित्राच्या गाण्यात आळवणीचा सूर किती असावा, याचा विचार शिंदे बंधूंनी करायला हवा होता. चवदार तळ्यावर चालून गेलेल्या माणसाचं गाणं आहे ते. पत्कींना जो न्याय लावला तोच इथेही.

मात्र खरी गोम पुढे आहे. शिंद्यांचा गळा सगळ्यांना हवा असतो. 'दुनियादारी'त अमितराजने आदर्शचा आवाज वापरला, गाणं घरोघरी गेलं. वरातीचं, नाचाचं गाणं असलं की फोन शिंद्यांनाच जातो. गळा आमचा, चाल दुसऱ्याची. संगीतकाराची खुर्ची मात्र मिळाली ती बाबासाहेबांच्या मालिकेला. डॉक्टर, वकील, नवरा-बायको, सासू-सून यांच्या मालिकेचं संगीत आमच्या पोरांकडून का करून घेत नाहीत? आम्ही काय फक्त महापुरुषांच्या गोष्टींत जगतो? आमच्या घरात प्रेम होत नाही, भांडण होत नाही?

आणि पैशाचं काय, हेही विचारू. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटात किंवा मालिकेत वापरलेल्या गाण्याचे हक्क निर्मात्याला दिले तरी, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरच्या रॉयल्टीचा समान वाटा गीतकार-संगीतकाराचाच राहतो. तो सोडून देण्याचा करार केला तरी तो रद्द ठरतो. हा पैसा गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे. ठाणे-कल्याणच्या वस्त्यांतले किती गायक-संगीतकार तिचे सभासद आहेत? आमच्या ओळखीच्या बहुतेकांना तिचं नावही माहीत नाही. वामनदादा २००४ साली गेले. कायद्याने त्यांच्या रचनांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत टिकतो, आणि आपण मात्र त्या 'पारंपरिक' म्हणून बिनदिक्कत छापतो.

म्हणून यंदाच्या जयंतीच्या पत्रकावर आम्ही गायकाच्या नावाखाली गीतकाराचं आणि संगीतकाराचं नाव छापणार आहोत, प्रत्येक गाण्यापुढे. आणि ज्या पोरांनी स्वतःच्या चाली बांधल्यात त्यांनी आधार कार्ड, पॅन कार्ड आणि गाण्यांची यादी घेऊन रविवारी विहारात यावं. सोसायटीचा अर्ज तिथेच भरून घेऊ.