अर्धी गोळी, पुरता घात

क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, दीड-दोन महिन्यांत खोकला थांबला की आपला माणूस म्हणतो, ‘आता कशाला?’ घात होतो तो इथेच. छातीत जंतू कोट्यवधी. वाढता वाढता एखाद्याच्या जनुकात आपोआप बदल होतो आणि त्याला एखादे औषध लागू पडत नाही. म्हणून तर सुरुवातीला चार औषधे एकत्र देतात. एकातून सुटलेला दुसऱ्यात सापडतो. गोळ्या मध्येच सोडल्या की चिवट जंतू मागे राहून वाढतात. मग खोकल्यातून ते अशाच्याही छातीत जातात, ज्याने जन्मात गोळी घेतलेली नसते!

२०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी असे चार रुग्ण जाहीर केले, ज्यांच्या जंतूंवर तपासलेले एकही औषध चालत नव्हते. बेलवलीची माणसे रोज लोकलने त्याच मुंबईस जातात, हे विसरू नका.

तेव्हा वाचकहो, दोन आठवडे खोकला टिकला की थुंकी तपासून घ्या. सीबीनॅट यंत्र दोनेक तासांत रिफाम्पिसिनला दाद न देणारा जंतू ओळखते. सरकारी दवाखान्यात औषध मोफत आहे. सरपंच, ग्रामसेवकांनी आशाताईंना साथ द्यावी. गोळ्या बंद करायच्या त्या डॉक्टरांनी; आपण नव्हे.