मामासोबत पाहिलेला पिक्चर

आधीच सांगून टाकतो, मला सिनेमातलं फारसं कळत नाही. कॅमेरा कुठे लावलाय, एडिटिंग कसं आहे, पार्श्वसंगीतात कुठलं वाद्य वाजतंय यातलं काही म्हणजे काही माझ्या लक्षात येत नाही. शुक्रवारी बिल्ड वेळेवर गेला, बायकोचा मूड बरा असला आणि तिकीट मिळालं की आम्ही जातो. आवडला तर आवडला, नाही तर पॉपकॉर्नचे पैसे गेले म्हणून हळहळतो. तेव्हा पुढे जे काही लिहिलंय ते एका हौशी प्रेक्षकाचं मत आहे. पटलं तर घ्या, नाहीतर शनिवारची दुपार आहेच झोपायला.

तर अलीकडे काय काय पाहिलं? 'छावा' (२०२५) थेटरात पाहिला. विकी कौशलने जीव ओतलाय यात वाद नाही, पण आवाज इतका की बाहेर आल्यावर पार्किंगवाला काय म्हणतोय ते ऐकू येईना. 'लापता लेडीज' (२०२४) दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा फक्त छाया कदमच्या मंजू माईसाठी. परेश मोकाशींचा 'वाळवी' (२०२३) कुणी पाहिला नसेल तर आजच पाहा, आणि गोष्ट कुणाकडून ऐकून घेऊ नका.

आणि ऑल टाइम फेव्हरिट? 'स्वदेस'! तो आमच्या बॅचचा राष्ट्रीय सिनेमा. डिसेंबर २००४ मध्ये आला तेव्हा मी पुसदला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. चौघं जण यवतमाळच्या टॉकीजात जाऊन पाहून आलो आणि परतीच्या एसटीत कुणी बोललंच नाही. स्टेशनवर पाणी विकणारा तो पोरगा आठवतोय ना? बस्स. त्या रात्री आम्ही चौघांनी गावासाठी काहीतरी करायचं ठरवलं. आज दोघं अमेरिकेत आहेत, एक बंगलोरला आणि मी पुण्यात. (चरणपूर म्हणून दाखवलेलं गाव वाईजवळचं मेणवली आहे हे पुण्यात आल्यावर कळलं. एका रविवारी जाऊनही आलो. घाटावर बसलो, फोटो काढले, मिसळ खाल्ली. गावासाठी केलं ते एवढंच. :))

पण आज लिहायला बसलोय ते दुसऱ्याच एका पिक्चरबद्दल. तसा जुना आहे, पण मागच्या दिवाळीत परत पाहिला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

'शेरनी'. अमित मसुरकरचा, विद्या बालन असलेला. जून २०२१ मध्ये थेट अ‍ॅमेझॉन प्राइमवर आला होता. तेव्हा घरूनच काम चालू होतं, मी लॅपटॉपवर एकट्याने पाहिला आणि फार आवडला. मसुरकरचा 'न्यूटन' (२०१७) मला आधीच आवडलेला. हिरो सरकारी नोकर, बाजू बरोबर, आणि तरी शेवटी हाती फारसं काही लागत नाही, हे त्याला फार छान जमतं. 'शेरनी'तली विद्या बालन एकदाही ओरडत नाही, भाषण ठोकत नाही. विजय राजचा प्रोफेसर, शरत सक्सेनाचा तो मिशीवाला शिकारी, आणि बृजेंद्र कालाचा शायरी करणारा साहेब! असला साहेब ज्याने आपल्या ऑफिसात पाहिला नसेल त्याने हात वर करावा.

सिनेमातली वाघीण टी-१२, जंगल मध्य प्रदेशातलं. सगळं काल्पनिक आहे अशी पाटीही आहे. पण आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला पाटी दाखवून काय उपयोग? वाघीण, तिची दोन पिल्लं, एकामागून एक जाणारी माणसं, बाहेरून बोलावलेला शिकारी... आम्हाला पहिल्या अर्ध्या तासातच टी-१ दिसायला लागते. पांढरकवडा आणि राळेगावच्या जंगलातली, पेपरांनी 'अवनी' म्हणून देशभर नेलेली. दोन वर्षांत तेरा माणसं मारल्याचा ठपका तिच्यावर होता. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोळी घालण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ तिला मारलं.

खरं तर घडलं ते सिनेमापेक्षा जास्त फिल्मी होतं. तिला शोधायला हत्ती आणले, त्यातला एक साखळी तोडून पळाला आणि त्याने एका बाईचा जीव घेतला. परदेशी जातीचे शिकारी कुत्रे आणले. ड्रोन झाले, ग्लायडर झालं. वाघिणीला भुलवायला कॅल्विन क्लाइनचं अत्तर वापरायचं ठरलं! हे सगळं पटकथेत लिहून नेलं असतं तर निर्मात्याने हाकलून दिलं असतं.

आता माझी गंमत सांगतो. त्या ऑक्टोबरात मी पुण्यात बसून 'अवनीला वाचवा' या ऑनलाइन अर्जावर सही केली होती. नुसती सही नाही, डीपीसुद्धा बदलला होता. टीममधल्या सहा जणांना लिंक पाठवली आणि त्यातल्या चौघांनी सह्या केल्याचा मला अभिमान वगैरे वाटला होता. "तू तिकडचाच ना रे?" असं कुणी विचारलं की मी मान हलवून गंभीरपणे दोन वाक्यं बोलायचो.

आणि माझा सख्खा मामा त्याच राळेगाव तालुक्यात राहतो. आठ एकर वावर, सगळं कपाशी आणि मध्ये तुरीच्या ओळी. त्या ऑक्टोबरात मी त्याला एक फोन केला नाही. म्हणजे केला होता, दसऱ्याचा. तब्येत विचारली, पाऊस विचारला आणि ठेवला.

दिवाळीत गेलो तेव्हा मामाच म्हणाला, "तो वाघिनीचा पिक्चर काढला म्हनते ना कोनीतरी? आहे का तुह्या फोनवर?" मग टीव्हीला फोन जोडला. मामा खाटेवर, मामी खाली सरकी निवडत, मी नेटची रेंज सांभाळत दाराजवळ. पहिली वीस मिनिटं मामा काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "यात वावर कुठी आहे?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं जंगलाचा पिक्चर आहे मामा, वावर कशाला? "वाघीन काय जंगलात मारे का लोकायले? वावरात ना! पऱ्हाटीत."

आणि मग त्याने पिक्चरवर बोलत बोलत त्या वर्षीचं सगळं सांगितलं. मी पॉज केलं होतं, मामीने सरकी बाजूला ठेवली होती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पऱ्हाटी छातीएवढी होते, तूर तर डोक्याच्या वर. आत बैल बसला तरी धुऱ्यावरून दिसत नाही, तिथे वाघीण काय दिसणार? आणि नेमका तोच वेचणीचा हंगाम. वेचणीला बाया कमरेला ओटी बांधून वाकून चालतात, एकेक ओळ धरून, डोकं खाली. त्या वर्षी बाया यायलाच तयार नव्हत्या. आल्या तर दहा-बारा मिळून, उन्हं चांगली वर आल्यावर, आणि चारच्या आत परत. मध्ये एक माणूस डबा वाजवत उभा ठेवायचा, त्याची मजुरी वेगळी. पहिल्या वेचणीचा कापूस बोंडातून लोंबून खाली पडला. रात्रीची जागल बंद, म्हणून मग रानडुकरं आणि रोही मोकाट. "वाघिनीनं मले नाही खाल्लं," मामा म्हणाला, "पन डुकरानं तूर खाल्ली ना!"

यातलं काहीच 'शेरनी'त नाही. मला आधी वाटलं मामा उगाच खोट काढतोय. सिनेमा वनखात्यातल्या बाईचा आहे, तो तिच्या जीपमधूनच दिसणार. आणि गावकऱ्यांना न्याय दिलाच नाहीये असंही नाही. गुरं चारायची जागा गेली, तिथे सागवान लावलं, आता गुरं न्यायची कुठे, हा प्रश्न सिनेमात नीट येतो. तेवढ्या भागाला मामा उठून बसला होता. "हे बराबर आहे" म्हणाला, दोनदा. पण गावातला माणूस पडद्यावर येतो तो सभेत ओरडायला, नाहीतर मेलेला. संध्याकाळी पाच वाजता वावरातून घरी येताना मागे वळून वळून बघणारा माणूस दिसत नाही. भीती दिसते ती साहेब लोकांच्या फायलीतून. आमच्या धंद्यातही हेच होतं म्हणा. ज्याला रोज ते सॉफ्टवेअर वापरायचंय तो सोडून बाकी सगळे मीटिंगला हजर असतात.

म्हणून मला 'गाभ्रीचा पाऊस' अजूनही वरचा वाटतो. सतीश मनवरचा, २००९ चा. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केलीय आणि अलकाला (सोनाली कुलकर्णी) धास्ती बसते की आपला नवराही तसंच करेल. मग ती लहान पोराला बापाच्या मागे मागे पाठवते, नवऱ्याला गोडधोड करून घालते. नवरा म्हणजे गिरीश कुलकर्णी, त्याला कळेना हे काय चाललंय! त्यात आत्महत्येवर भाषण नाही. पेरणी आहे, आभाळाकडे बघणं आहे, आणि बरंच हसू आहे. पुण्यात पाहिला तेव्हा हॉलमध्ये पंधरा-वीस लोक असतील, आणि वऱ्हाडी वाक्य आलं की त्यातले निम्मे हसायचे, विनोद नसला तरी. आमच्या बोलीचं हे एक दुखणंच झालंय. भारत गणेशपुरेंनी टीव्हीवरून ती घराघरात नेली याचा आनंद आहेच, पण लोकांना आता "मले-तुले" ऐकलं की हसायचंच असतं. 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये पहिल्यांदा माझ्या आईच्या भाषेत कुणीतरी पडद्यावर घाबरलं होतं.

('पीपली लाइव्ह' पण मला आवडतो, २०१० चा. पण तो मीडियावरचा सिनेमा आहे, शेतकऱ्यावरचा नाही. नत्था बिचारा त्यात निमित्तमात्र.)

असो. भरकटलो. तर मामाचं बोलणं झाल्यावर मी त्याला सहीचं सांगून टाकलं. का सांगितलं माहीत नाही, लपवून ठेवलं असतं तर त्याला कळायचं काही कारण नव्हतं. त्याला आधी ऑनलाइन अर्ज म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, आणि समजावताना माझं मलाच ते फार येडपट वाटायला लागलं. मामाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्याचे पैसे भेटतात का?"

नाही म्हटलं.

"मंग कायले केली?"

वाघ वाचावा म्हणून, असं म्हणालो. खरं म्हणजे मला आजही वाटतं की तिला गोळी घालायला नको होती. बेशुद्ध करून पकडायला हवं होतं, आणि पुढे चौकशीतही त्या रात्रीच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेलेच. यावर मामाचं नि माझं जमलं नाही. तो म्हणाला मारली ते बरं झालं, त्या दिवशी गावात फटाके फुटले, पेढे वाटले, त्यानेही खाल्ले. मी गप्प बसलो. मला सही केल्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की आदल्याच वर्षी, २०१७ मध्ये, फवारणीच्या विषाने आमच्या जिल्ह्यात वीसेक माणसं मेली, शेतकरी आणि मजूर, आणि मी डीपी बदलला नव्हता. तसा अर्ज कुणी मला पाठवला नव्हता हे खरंय. पण मी तरी कुठे शोधला? मामा त्या वर्षी स्वतः पंप पाठीवर घेऊन फवारत होता, आणि वर गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला तो वेगळाच. त्यावर पिक्चर निघाल्याचं अजून तरी माझ्या पाहण्यात नाही. आणि निघाला तरी त्यात वाघ नसणार, म्हणजे पोस्टरवर लावायचं काय?

पॉज काढला. पण दिवसभर वावरात राबलेला माणूस तो, शेवटच्या अर्ध्या तासात मामा खाटेवर घोरायला लागला. मामी मात्र डोळे न हलवता बघत होती. संपल्यावर तिने विचारलं, "पिलायचं काय झालं मंग?"

सिनेमात वाचली, मी म्हटलं.

"पिक्चरमधली नाही. आपल्या इथली."

दोन होती. त्यातलं मादी पिल्लू डिसेंबर २०१८ मध्ये पकडून पेंचला नेलं. तिथे कुंपणात वाढवलं, मार्च २०२१ मध्ये जंगलात सोडलं आणि काही दिवसांतच ते मेलं. 'शेरनी' यायच्या तीनेक महिने आधी. मी सांगितलं तसं मामी म्हणाली, "अरे बापा, मायबिन तं कोनी शिकोलं नसन त्याले," आणि सरकीचं सूप उचलून आत गेली. हिच्या वावराचं त्या वर्षी नुकसान किती झालं होतं ते मामाने नुकतंच सांगितलं होतं.

मामाला आता 'गाभ्रीचा पाऊस' दाखवायचाय. मामीला विचारलं तर ती म्हणाली, "पावसाचं कायले पाह्यतं, दरसाल पाह्यतोच ना! हसाचा आन काही." तेव्हा पुढच्या खेपेला एखादा विनोदी पिक्चर घेऊन जाईन म्हणतो. वऱ्हाडी नसलेला.