गहाण घर आणि साठ दिवसांची मुदत

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने कलम ६० अन्वये शेतकऱ्याचे राहते घर जप्तीतून वगळले. परकीय सरकारलाही एवढी चाड होती. मात्र घर गहाण टाकले की हे कवच गळून पडते. २००२ च्या सरफेसी कायद्याने तर बँकांना न्यायालयात दावा न लावताच गहाण घराचा ताबा घेण्याचा अधिकार दिला आणि कर्जदाराला दिवाणी न्यायालयाची दारे बंद केली. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

पेण-रोह्याकडील निडीसारख्या गावातील कर्जदाराच्या हाती मग काय उरते? मागणी नोटिशीनंतर ६० दिवसांची मुदत. या काळात लेखी आक्षेप नोंदवावा. तो अमान्य केल्यास बँकेला १५ दिवसांत कारणे कळवावीच लागतात. हप्त्यांची फेरबांधणी वा एकरकमी तडजोड मागण्याची वेळही हीच. ताबा घेतल्यास ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण ते रायगड जिल्ह्यात नाही. लिलावाची सूचना प्रसिद्ध होताच पैसे भरून घर सोडवण्याचा हक्कही २०१६ च्या दुरुस्तीने संपतो.

शेतजमीन या कायद्यातून वगळली आहे. मग श्रमिकाचे एकुलते राहते घर का नाही? ही मागणी लावून धरलीच पाहिजे. तोवर नोटीस आलेल्या प्रत्येक घरी कार्यकर्त्याने जावे, ती वाचून समजावावी आणि मुदतीत उत्तर धाडावे. शरमेने दडवलेली नोटीस सावकाराच्याच पथ्यावर पडते.