पाण्याला सातबारा नसतो

वळसंगच्या दलितांच्या विहिरीचे पाणी १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्राशन केले. तेव्हा पाणी जातीने अडविले होते. आज ते पैशाने अडविले जात आहे. सोलापूरच्या काळ्या पाषाणाच्या भेगांत मुरणारा पाऊस शेताचा बांध ओळखत नाही. एकाने खोल कूपनलिका घेऊन ऊस पोसला, की शेजारच्या गरिबाची विहीर आटते. मुरते त्याहून अधिक उपसू नये, हा निसर्गाचा साधा हिशेब. परंतु १८८२ चा सुविधाधिकार कायदा जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्याच हवाली करतो! मग ज्याला जमीनच नाही त्याने काय करावे? त्याला ‘पाणी वाचवा’ असा उपदेश करणे ही क्रूर थट्टाच होय.

पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर नव्हे, तर माणशी ठरविला. भूमिहीनांनाही हक्क दिला आणि ऊस वर्ज्य केला. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात उपशावर नियंत्रणाची तरतूद आहे. ती गावोगाव राबवून घेणे हे कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे. कारण पर्यावरणाचा प्रश्न हा अखेर मालकीचाच प्रश्न आहे.